फडामागून : क्रां-मोंताना ते वेंटवर्थ

बुधवार, ४ सप्टेंबर २०२४ : क्रां-मोंताना

झुरिकहून निघालेली गाडी बर्न सोडून लोचबर्गच्या बोगद्यात शिरते आणि बाहेर येते ती थेट ऱ्होन नदीच्या खोऱ्यात. व्हिस्पला गाडी बदलली, सिएरला उतरलो. तिथून वर जायला फ्युनिक्युलर. दहा-बारा मिनिटांत ती सुमारे ९०० मीटर चढते. खाली द्राक्षमळे, मध्ये पाइनची झाडं, आणि वर पोचल्यावर एकदम हॉटेलं, घड्याळांची दुकानं आणि गोल्फ कोर्स. माझ्या डब्यात दोन कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग उचलून त्याला सल्ला देणारे, होते. पाठीवरच्या सॅकला आधीच्या स्पर्धांचे पास लोंबत होते. एक जण झोपला होता, दुसरा फोनवर कुणाला तरी खोलीचं भाडं तिघांत कसं वाटायचं ते समजावत होता.

निघण्यापूर्वी घरात जो प्रश्न विचारला गेला तो इथेच सांगून टाकतो. "म्हणजे तू खेळणार नाहीस? नुसता बघणार?" थोरल्या भावाला हे काही केल्या पटेना. क्रिकेट बघायला कुणी इंग्लंडला गेला तर कौतुक, गोल्फ बघायला गेला तर पैसे जास्त झाले असं लोक धरून चालतात. येरवड्याच्या गोल्फ कोर्सच्या आसपास माझं लहानपण गेलं. पुढे अनिर्बान लाहिरीसारखा पुण्यात जन्मलेला खेळाडू जगभर खेळताना आणि आपला उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभा राहिलेला पाहिला. नोकरी संपली तेव्हा ठरवलं, एकदा युरोपातल्या या टूरच्या मागे लागून तीन आठवडे काढायचे. स्वित्झर्लंडमध्ये ओमेगा युरोपियन मास्टर्स, मग आयरिश ओपन, शेवटी इंग्लंडमध्ये वेंटवर्थला बीएमडब्ल्यू पीजीए.

ही टूर म्हणजे तमाशाचा फडच. आज या गावी, रविवारी रात्री तंबू काढायचे, मंगळवारी दुसऱ्या गावी कनाती उभ्या. १९७२ साली युरोपियन टूर म्हणून रीतसर सुरू झाली, २०२२ पासून नाव डीपी वर्ल्ड टूर. हंगाम नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उघडतो आणि पुढच्या नोव्हेंबरात दुबईत संपतो. खास युरोपातला भाग उन्हाळ्यातला आणि सप्टेंबरातला. फडात जसे एक-दोन नावाजलेले आणि बाकी पोटासाठी नाचणारे, तसंच इथेही. मला बघायचे होते ते दुसरे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

सकाळी सातव्या होलच्या टीवर जाऊन उभा राहिलो. इथून समोर दिसणारी डोंगररांग बघायला गोल्फ कळायची गरज नाही. होल चारच्या पारचा, म्हणजे चार फटक्यांत पुरा व्हावा असा, पण उतारावरचा आणि आखूड. शिवाय आपण समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरवर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू नेहमीपेक्षा आठ-दहा टक्के लांब जातो. टीव्हीवर ही गोष्ट कळत नाही. प्रत्यक्षात प्रत्येक कॅडी वहीत काहीतरी वजा करत असतो. "एकशे साठ आहे, पण एकशे पंचेचाळीस धर," असं पुटपुटणं दिवसभर कानावर येत होतं. सकाळच्या गारव्यात एक आकडा, दुपारच्या उन्हात दुसरा. मोठ्या फटक्यापेक्षा हा हिशेब चुकला की खेळाडू जास्त वैतागतात.

ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ, मात्र लहान, मध्ये फुगलेली, कडेला उतरती. ती स्पेनच्या गाजलेल्या गोल्फर सेव्ह बायेस्तेरोसच्या हातची. या कोर्सचं नावच आता त्याच्या नावावर आहे. नव्वदच्या दशकात त्याने ग्रीन बदलली तेव्हा त्याच्या बरोबरीच्या खेळाडूंनी भरपूर शिव्या घातल्या होत्या. चेंडू पडतो, थांबतोसं वाटतं आणि मग सावकाश बाहेर घरंगळत जातो. तीन-चार जणांचा असाच पचका झाल्यावर शेजारचा स्विस आजोबा मला फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला आणि खुदकन हसला. मीही हसलो. भाषेची अडचण आली नाही.

स्विस ओपन म्हणून ही स्पर्धा १९२३ साली सुरू झाली. १९३९ पासून ती याच गावात होते. एवढा जुना आणि एका जागचा मुक्काम टूरवर दुर्मीळ. गावालाही त्याची सवय झालेली आहे. बेकरीवाली पोरगी पाव गुंडाळता गुंडाळता आज पहिला फटका किती वाजता पडला ते सांगते.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

माझ्या मते गोल्फचा खरा दिवस शुक्रवार. रविवारी एक जण जिंकतो, शुक्रवारी निम्म्याहून अधिक घरी जातात. दीडशेच्या आसपास खेळाडू सुरुवात करतात. दोन दिवसांनंतर पहिले ६५ आणि त्यांच्या बरोबरीचे पुढे राहतात. याला म्हणायचं कट. कट हुकला की बक्षिसाचे पैसे शून्य. विमान, हॉटेल, जेवण, कॅडीचा आठवड्याचा पगार, सगळं पदरचं. टूरच्या यादीत वर्षअखेरीस साधारण पहिल्या एकशे पंधरात नाव राहिलं तर पुढच्या हंगामाचं कार्ड, म्हणजे टूरवर खेळायचा हक्क, टिकतं, नाही तर पुन्हा खालच्या पायरीवर. सप्टेंबर महिना म्हणजे या हिशेबाचा शेवटचा टप्पा. म्हणून शुक्रवारी दुपारी मी मोठ्या नावांना सोडून नवव्या आणि अठराव्या ग्रीनच्या मध्ये घुटमळत राहिलो.

अठराव्यावर एक खेळाडू आला. नाव सांगत नाही. त्यालाही ते आवडणार नाही. तो बरोबर कटच्या रेषेवर होता. त्याचा कॅडी ग्रीनवर पोचण्याआधीच मोठ्या फलकाकडे बघून घेत होता, खेळाडू मात्र मुद्दाम दुसरीकडे. पट, म्हणजे ग्रीनवरून भोकाकडे ढकलायचा फटका, सहा फुटांचा असेल. त्याने नाणं ठेवलं, चेंडू उचलला, पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. ग्लोव्ह मागच्या खिशात अर्धा लोंबत होता. पट मारला. चेंडू होलच्या कडेला लागून अर्धी प्रदक्षिणा घालून बाहेर थांबला. लोक "ऊऽऽ" म्हणाले आणि लगेच पुढच्या गटाकडे वळले. त्याने टोपी काढली, बरोबरच्या खेळाडूंशी हात मिळवले, फटक्यांच्या नोंदीच्या कार्डावर सही करायला तंबूत गेला.

मी मागे मागे वाहनतळापर्यंत गेलो. कॅडीने अंगावरचा नाव छापलेला बिब काढून घडी घातली. बॅगमधून भराभर एकेक वस्तू निघाली : पावसाळी पँट, ओला टॉवेल, ड्रायव्हर नावाच्या लांब काठीचा लोकरी टोपडा, अर्धं खाल्लेलं केळं, मोज्याची जोडी. केळं त्याने फेकून दिलं नाही, खाल्लं. मग सगळं प्रवासाच्या कव्हरमध्ये कोंबून चेन ओढली. खेळाडू आला तेव्हा फोनवर कमीत कमी किमतीचं तिकीट शोधत होता. "आज रात्रीचं मिळतंय," तो म्हणाला. कॅडीने मान डोलावली. पुढच्या आठवड्याच्या यादीत त्याचं नाव आहे का ते मी नंतर फोनवर तपासलं. होतं.

शनिवार, ७ सप्टेंबर

आज गणेश चतुर्थी. आमचा गणपती थोरल्या भावाकडे बसतो, म्हणून मला सुटी मिळते आणि टोमणेही. इथे सकाळचे आठ म्हणजे घरी साडेअकरा. वहिनींनी व्हिडिओवर आरती दाखवली. मागून भाऊ ओरडला, "डोंगर दाखव, डोंगर!" मी खिडकीतून दाखवले. मग कोर्सवर.

अठराव्या होलच्या उजवीकडे एक भिंत आहे, शेजारी पोहण्याचा तलाव. तिथे एक पाटी लावलेली आहे. १९९३ साली शेवटच्या दिवशी शेवटच्या होलवर सेव्हचा पहिला फटका उजवीकडे गेला आणि चेंडू या भिंतीजवळ येऊन पडला. समोर भिंत, वर फांद्या, मध्ये खिडकीएवढी फट. कॅडी बिली फॉस्टर त्याला विनवत होता की चेंडू बाजूला काढ, वेडेपणा करू नकोस. सेव्हने वेज, म्हणजे चेंडू उंच उडवणारी काठी, घेतला आणि त्या फटीतून, भिंतीवरून, तलावावरून चेंडू ग्रीनच्या अलीकडे नेऊन टाकला. मग तिथून चिप, म्हणजे आखूड उचललेला फटका, थेट भोकात. बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. एवढं करूनही स्पर्धा एका शॉटने बॅरी लेनने जिंकली. आज बॅरी लेनसाठी इथे पाटी नाही, दुसऱ्या आलेल्यासाठी आहे.

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि वर बघितलं. झाडं आता वाढली असणार, पण तरी अंदाज येतो. भिंत माझ्या डोक्याच्या वर आहे. चेंडू भिंतीच्या इतका जवळ असताना उंच काढायचा आणि फांद्यांना न लागता खाली ठेवायचा, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. फॉस्टरचं बरोबर होतं. त्याच फॉस्टरने पुढे इंग्लंडच्या मॅट फिट्झपॅट्रिकची बॅग उचलली आणि त्या जोडीने २०२२ ची यूएस ओपन जिंकली. फिट्झपॅट्रिकने इथे २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोन वर्षं बाजी मारली आहे.

रविवार, ८ सप्टेंबर

इंग्लंडचा मॅट वॉलेस आणि स्पेनचा अल्फ्रेदो गार्सिया-एरेदिया बरोबरीत संपले. वॉलेस आपल्या ओळखीचा. २०१८ ची हीरो इंडियन ओपन त्याने दिल्लीजवळ डीएलएफच्या कोर्सवर प्लेऑफमध्येच, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा होलांवर, जिंकली होती. त्याच वर्षी आणखी दोन जिंकून तो वर चढला, मग युरोपात सहा वर्षं काहीच हाती लागलं नाही. गार्सिया-एरेदिया चाळिशी ओलांडलेला, टूरवर अजून एकही विजय नाही. गर्दीचा कल कुणाकडे होता ते सांगायला नको. पण वॉलेसने पहिल्याच जादा होलवर बर्डी केली आणि संपलं. स्पॅनिश माणसाने त्याला मिठी मारली ती जरा जास्त वेळ. मला वॉलेस फार आवडत नाही, कोर्सवर तो स्वतःवर फार चिडतो. आज मात्र त्याचं रडणं बघवलं नाही.

सोमवार-मंगळवार, ९ व १० सप्टेंबर

सिएर ते जिनेव्हा रेल्वे, जिनेव्हा ते लंडन, लंडन ते बेलफास्ट. सबंध दिवस रांगेत. बेलफास्टला नवं ग्रँड सेंट्रल स्टेशन रविवारीच सुरू झालेलं. मी मंगळवारी तिथून बस पकडली तेव्हा कर्मचारीच एकमेकांना फलाट विचारत होते. रंगाचा वास येत होता.

न्यूकॅसल हे आयरिश ओपनचं, समुद्रकाठचं छोटं गाव. स्पर्धेच्या आठवड्यात तिथल्या गेस्ट हाउसांचे दर ऐकून मी अर्ध्या तासावरच्या डाउनपॅट्रिकला खोली घेतली. तिथल्या कॅथेड्रलच्या आवारात संत पॅट्रिकची समाधी दाखवतात.

बुधवार, ११ सप्टेंबर : रॉयल काउंटी डाउन

नाव आयरिश ओपन, पण गाव उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये. खिशात पौंड. राजकारणात जी सीमा आहे ती गोल्फमध्ये नाही. सबंध बेटाची गोल्फ संघटना एकच आहे. गेटवरच्या स्वयंसेवकाला मी याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, "इथे ते प्रश्न विचारायचे नसतात, इथे वारा कुठून आहे ते विचारायचं." आणि वारा होता. टोपी दोनदा उडाली.

१८८९ साली ओल्ड टॉम मॉरिसने हा कोर्स आखला. वाळूच्या टेकड्या, त्यांवर रानगवत, एका बाजूला डंड्रमची खाडी आणि डोक्यावर मोर्नचे डोंगर. त्यातला स्लीव्ह डोनार्ड ८५० मीटर, उत्तर आयर्लंडमधला सर्वांत उंच. आपल्या सिंहगडाहून तो साडेचारशे मीटरने तरी बुटका असेल, पण पायथा थेट समुद्रात असल्याने तो फार मोठा वाटतो.

क्रांमधला खेळ सगळा डोळ्यांपुढे असतो, इथे बऱ्याच ठिकाणी काहीच दिसत नाही. टीवर उभं राहिलं की समोर टेकाड. फेअरवे, म्हणजे चेंडू टाकायची कापलेल्या गवताची पट्टी, त्याच्या पलीकडे. टेकाडावर एक पांढरा रंगवलेला दगड. त्याच्यावरून मारायचं आणि विश्वास ठेवायचा. बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांच्या, कडांवरून गवताचे झुबके आत लोंबतात. चेंडू त्यात अडकला की खेळाडू दिसेनासा होतो आणि फक्त वाळू उडालेली दिसते. मार्शलने सांगितलं, टेकाडापलीकडे गेलेले सामान्य सभासदही कधी कधी मागच्या गटाला घंटा वाजवून खुणावतात.

गुरुवार-शुक्रवार, १२ व १३ सप्टेंबर

दोन्ही दिवस माणसं एकाच गटामागे. त्यात रॉरी मॅकिलरॉय, इथला घरचा मोठा गोल्फर, हॉलीवूडचा. अमेरिकेतलं नव्हे, बेलफास्टजवळचं. इथून गाडीने तासाभरावर. पोरं शाळा बुडवून आलेली. त्याच्या मागे चालणं म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या डोक्यांची मागची बाजू बघणं. मी नवव्या होलच्या वरच्या कड्यावर एक जागा पकडली. खाली फेअरवे, त्यापलीकडे हॉटेलचा लाल मनोरा, त्यामागे डोंगर. चार तास तिथेच होतो. दर दहा-बारा मिनिटांनी तीन माणसं टेकाडावरून उगवायची, आपला चेंडू कुठे पडला ते पहिल्यांदा बघायची आणि चेहऱ्यावरून कळायचं.

तिथेच मातेओ मानासेरोला नीट पाहिलं. या इटालियन माणसाची हकिगत ज्याला ठाऊक आहे तो त्याला बघताना गप्प होतो. २०१० साली सतराव्या वर्षी तो टूरवर जिंकणारा सर्वांत तरुण खेळाडू ठरला. विसाव्या वर्षी, २०१३ मध्ये, वेंटवर्थची मोठी स्पर्धा त्याने जिंकली. मग जास्त लांब मारण्याच्या नादात स्विंग बिघडली. काही वर्षांत कार्ड गेलं. आल्प्स टूरसारख्या तिसऱ्या पायरीवर, जिथे बघायला कुणी येत नाही, तिथे तो खेळत राहिला. २०२४ च्या मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत पुन्हा जिंकला. मधली जवळजवळ अकरा वर्षं रिकामी. आता तिशी ओलांडलेला, थोडा जाड झालेला, प्रत्येक फटक्यानंतर क्लब हलकेच पुसून कॅडीच्या हातात देणारा.

शनिवार, १४ सप्टेंबर

भाचा लंडनहून आला. त्याला गोल्फमध्ये रस नाही, मामात आहे. "मामा, तू रोज एवढं चालतोस?" त्याने अकराव्या होलला विचारलं आणि तेराव्याला बसायला जागा मागितली. संध्याकाळी रॉरी एका शॉटने पुढे होता आणि त्याच्या मागे मानासेरो. गावातल्या पबमध्ये निकाल लागल्यासारखं वातावरण होतं.

रविवार, १५ सप्टेंबर

आम्ही सकाळपासून सतराव्या ग्रीनपाशी ठाण मांडलं. रॉरीच्या कितीतरी पुढच्या गटात डेन्मार्कचा रास्मुस होयगोर होता. त्याचा जुळा भाऊ निकोलायही टूरवरच खेळतो. रास्मुसने दिवसाची सुरुवात चांगली पाच शॉट मागून केली होती, त्यामुळे तो आला तेव्हा आमच्याकडे अर्धी माणसं डबे उघडून बसली होती. तो ग्रीनच्या बाहेर, चेंडू गवतात. त्याने एक आखूड, हलका फटका मारला. चेंडू दोनदा टप्पा घेऊन पळत गेला आणि झेंड्याच्या काठीला न लागता भोकात. भाच्याच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. "हे चालतं का?" तो म्हणाला. पुढे अठराव्यावरही त्याने बर्डी केली आणि ६५ फटक्यांत फेरी पुरी करून, एकूण उणे नऊवर, म्हणजे पारपेक्षा नऊ फटके कमी, आत जाऊन बसला.

त्यानंतर गोल्फमध्ये जी मजा असते ती सुरू झाली : दिसत काही नाही, ऐकू सगळं येतं. पंधराव्याकडून एक सुस्कारा आला. मोठा, हजारो माणसांचा एकदम. शेजारची बाई म्हणाली, "बोगी." फोन न बघता. म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त. रॉरी सतराव्यावर आला तेव्हा कसं कुणास ठाऊक, लहान पोरंही गप्प झाली होती. तिथेही त्याचा एक शॉट गेला. आता अठराव्यावर ईगल, म्हणजे पारपेक्षा दोन फटके कमी, केला तरच बरोबरी. अठरावं होल पाचच्या पारचं, त्याच्यासारख्याला दोन फटक्यांत ग्रीन गाठता येतं. तो गेला आणि सगळी गर्दी त्याच्यामागे धावली.

आम्ही धावलो नाही, भाच्याच्या पायाला फोड आला होता. पहिल्या फटक्याला टाळ्या. दुसऱ्याला गर्जना. म्हणजे चेंडू जवळ पडला, दहा फुटांच्या आसपास. मग काही मिनिटं काही नाही. वारा आणि दूर कुठेतरी जनरेटर. मग आवाज वर चढायला लागला, चढला, चढला आणि मध्येच तुटला. शेजारच्या बाईने टोपी काढून गवतावर आपटली. होयगोर एका शॉटने जिंकला.

मंगळवार, १७ सप्टेंबर : वेंटवर्थ

घरी आज अनंत चतुर्दशी. पुण्यात विसर्जन मिरवणूक चालू असणार आणि मी लंडनच्या वॉटर्लूहून व्हर्जिनिया वॉटरला जाणाऱ्या लोकलमध्ये. भाच्याचं घर स्टेन्सला, म्हणजे दोनच स्टेशनं. भाचेसुनेने मोदक केले होते. उकडीचे, कळ्या मोजक्याच पण सुबक. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

वेंटवर्थ हे टूरचं मुख्यालय. झाडांच्या आड बंगले, बंगल्यांच्या आड गाड्या. हॅरी कोल्टने १९२६ च्या सुमारास आखलेला वेस्ट कोर्स. त्याला जुने लोक 'बर्मा रोड' म्हणतात, ब्रह्मदेशातून चीनकडे जाणाऱ्या युद्धकाळातल्या रस्त्यावरून. दुसऱ्या महायुद्धात इथे माजलेलं रान जर्मन युद्धकैद्यांकडून तोडून घेतलं तेव्हा एका ब्रिटिश अधिकाऱ्याने टोमणा मारला की हाच त्यांचा बर्मा रोड होऊ दे. नाव चिकटलं. पुढे २०१० साली दक्षिण आफ्रिकेचा गोल्फर एर्नी एल्स याने अठराव्या ग्रीनसमोर ओढा आणला. त्यावरही भांडण झालं आणि काही वर्षांनी कोर्स पुन्हा बदलला.

बुधवारचा प्रो-अ‍ॅम (व्यावसायिकांबरोबर हौशी खेळाडूंचा खेळ) मी सोडून दिला. सिनेमावाले आणि फुटबॉलवाले गोल्फ खेळताना बघायला मला पैसे द्यावेसे वाटत नाहीत.

शुक्रवार, २० सप्टेंबर

पुन्हा कटचा दिवस. इथे बक्षिसाची एकूण रक्कम ९० लाख डॉलर, त्यातले १७ टक्के विजेत्याला. कट हुकलेल्याला इथेही शून्य. न्यूकॅसलला किंवा क्रांला कट हुकला तर एक आठवडा गेला, इथे हुकला तर सबंध हंगामाचं गणित फिरतं. कारण या एका स्पर्धेत पन्नासावा आला तरी जे मिळतं ते लहान स्पर्धांच्या कितीतरी आठवड्यांचं भरून काढतं. खेळाडूंच्या चेहऱ्यांवर ते दिसतं. क्रांला कट हुकलेला माणूस मला सराव मैदानावर दिसला. तोच कॅडी, तोच लोकरी टोपडा. इथली शेवटची दोन्ही होलं पाचच्या पारची, म्हणजे शेवटच्या क्षणी सुधारायची संधी. सतराव्यावर त्याने बर्डी घेतली. अठराव्यावर चेंडू ओढ्याच्या अलीकडे सुरक्षित ठेवून, मग वेजने ग्रीनवर, मग दोन पट. कटमध्ये राहिला. कॅडीने त्याच्या पाठीवर असा धपाटा मारला की टोपी पुढे सरकली. दोघं हसले नाहीत, फलकाकडे बघत राहिले. मागचे गट काय करतात त्यावर अजून सगळं अवलंबून होतं.

शनिवार-रविवार, २१ व २२ सप्टेंबर

शनिवारी संध्याकाळी पुढे कोण, तर मानासेरो, तीन शॉटनी. जिथे विसाव्या वर्षी जिंकला तिथेच. इंग्रज प्रेक्षक भावना दाखवण्यात तसे कंजूष, पण अठराव्यावर त्याला जी टाळी मिळाली ती पाव्हण्याला देतात तशी नव्हती.

रविवारी तो मागे पडला. एकदम नाही, एका होलला थोडा, दुसऱ्याला थोडा. आम्ही नवव्यापर्यंत त्याच्याबरोबर होतो. भाचा म्हणाला, "मामा, आता बघवत नाही, पुढे चल." पुढे गेलो. शेवटी तिघे बरोबरीत उणे वीसवर : अमेरिकेचा बिली हॉर्शल, दक्षिण आफ्रिकेचा थ्रिस्टन लॉरेन्स आणि रॉरी. तिघांना पुन्हा अठराव्यावर पाठवलं. पहिल्या फेरीत लॉरेन्स गळाला. दुसऱ्या फेरीत हॉर्शलने लांबचा ईगल पट टाकला आणि सगळी टेकडी क्षणभर गोंधळली, कारण पाऊण गर्दी रॉरीसाठी आली होती. मग टाळ्या वाजल्या. हॉर्शलची ही इथली दुसरी जीत, २०२१ नंतरची. रॉरी दोन आठवड्यांत दुसऱ्यांदा दुसरा.

व्हर्जिनिया वॉटरच्या बसच्या रांगेत आमच्यापुढे एक बँगरचा माणूस होता. बँगर म्हणजे रॉरीच्या गावाजवळच. गेल्या रविवारी तो न्यूकॅसललाही होता. दोन्ही ठिकाणची तिकिटं, विमान, बायकोची नाराजी, सगळा जमाखर्च त्याने आम्हाला ऐकवला आणि म्हणाला, बस झालं, आता टीव्ही. रांग पुढे सरकली. दोन मिनिटांनी तो भाच्याच्या फोनवर २०२५ ची आयरिश ओपन कधी आहे ते शोधायला सांगत होता. के क्लबवर, डब्लिनजवळ, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. "हे सोपं आहे," तो म्हणाला, "गाडीने जाता येतं. बायकोला सांगणार नाही."

पुढच्या वर्षी त्या के क्लबवर अठराव्या होलला रॉरीने लांबचा ईगल पट टाकून प्लेऑफ गाठला आणि तिसऱ्या जादा होलवर स्वीडनच्या योआकिम लागरग्रेनला हरवलं. मी ते पुण्यात, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, भावाच्या घरी बसून पाहिलं. भाऊ म्हणाला, "हाच ना तो, जो हरतो?"